दोन प्रतिमा जुळेपर्यंत

लेन्स हातात घेण्याआधी हात धुऊन नीट कोरडे करा आणि उजेड येतो अशा जागी बसा. कुणाचा फोन यायचा असेल, गॅसवर काही ठेवलं असेल, तर ते आधी उरकून घ्या. पुढचा थोडा वेळ एकाच गोष्टीवर मन ठेवायचं आहे. आपण आणि आपल्यासमोरचा माणूस यांच्यामध्ये नेमकी किती जागा आहे, एवढीच ती गोष्ट.

माझ्या हातात आत्ता आहे ती लेन्स माझी नाही. म्हैसूरला सरस्वतीपुरममध्ये राहणाऱ्या एका ज्येष्ठ मराठी स्नेह्यांनी ती विश्वासाने वापरायला दिली आहे. तिच्या कडेवर ‘एलकॅन’ अशी अक्षरं आहेत. एलकॅन म्हणजे अर्न्स्ट लाइट्झ, कॅनडा. लायका कॅमेरे बनवणाऱ्या जर्मन लाइट्झ कंपनीने १९५२ मध्ये कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात, मिडलँड गावी कारखाना काढला. १९७२ मध्ये तिथे अमेरिकी लष्करासाठी ‘केई-७ए’ हा कॅमेरा तयार झाला. लायका एम४ चंच ते लष्करी रूप, अंगाने ऑलिव्ह हिरवं. एकूण ५०५ कॅमेरे बनले आणि त्यांतले सुमारे ४६० सैन्याकडे गेले. त्या कॅमेऱ्यासाठी घडवलेली ही ५० मिलीमीटरची, एफ २ ची लेन्स. लाइट्झच्या त्या काळच्या नेहमीच्या समिक्रॉन लेन्समध्ये सहा भिंगं असत, हिच्यात चारच आहेत. म्हणून ती हातात इतकी लहान वाटते.

ती तळहातावर ठेवा. वजन हाताला कळू द्या. कडेचा काळा रंग जिथे झिजून खालचा धातू उघडा पडला आहे, तिथे अंगठा टेकवा. तुमच्याआधी कुणाचा तरी अंगठा वर्षानुवर्षं तिथेच टेकत होता. आता लेन्स खिडकीकडे धरा आणि आरपार बघा. धुळीचे दोन-चार कण दिसतील. कडेला पांढरट बारीक तंतू दिसतात का, तेही बघून घ्या. दिसले तर ती बुरशी. आपल्या पावसाळी हवेत जुन्या काचेचा सगळ्यांत मोठा शत्रू तोच. सिलिका जेलच्या पुड्या घातलेला कोरडा डबा लेन्सला जपतो, आणि उजेड व वाराही तिला जपतात. बंद कपाटात विसरलेली काच वापरातल्या काचेहून लवकर जाते.

आता एक प्रश्न मनात येईल. तो ढकलू नका, येऊ द्या. गणवेशातल्या माणसाच्या डोळ्यासमोर असण्यासाठी जी वस्तू घडली, तिने बाजारातल्या एखाद्या फुलवालीचा फोटो काढावा का? या काचेवर कुठला उजेड पडला असेल, हे आपल्याला कळायचं नाही. तळावरची कवायत असेल, जखमी माणूस असेल, किंवा नुसती यंत्रसामग्रीची नोंद असेल.

प्रश्नाबरोबर लाइट्झ घराण्याची हकिकतही मनात ठेवा. १९३३ मध्ये जर्मनीत नाझी सत्तेवर आले, त्यानंतर अर्न्स्ट लाइट्झ दुसरे यांनी आपल्याकडच्या कितीतरी ज्यू कामगारांना आणि उमेदवारांना परदेशी धाडलं. कित्येकांना न्यूयॉर्कच्या कचेरीत पाठवून त्यांचा जीव वाचवला. त्यांची मुलगी एल्सी हिने एका ज्यू स्त्रीला सीमेपार जायला मदत केली, म्हणून १९४३ मध्ये गेस्टापोने तिला तुरुंगात टाकलं. आणि त्याच वर्षांत, कंपनीच्या वेट्झलारमधल्या कारखान्यातून जर्मन सैन्यासाठी काचा आणि कॅमेरे जात होते, सक्तीने आणलेले मजूर तिथे राबत होते. एकाच छपराखाली हे सगळं घडलं. काचेला यातलं काही ठाऊक नसतं. ठाऊक असायची जबाबदारी ती उचलणाऱ्यावर असते, आणि आत्ता ती तुम्ही उचलली आहे. एवढं मान्य करा आणि पुढे चला.

लेन्स कॅमेऱ्याला लावा. समोर आजचा लायका एम११ आहे, २०२२ मध्ये आलेला. खुणेला खूण लावून लेन्स हलकेच फिरवली की ‘टक्’ असा आवाज होतो आणि ती बसते. १९५४ मध्ये एम३ निघाला तेव्हा हा जोड ठरला आणि तो आजवर बदललेला नाही. त्यामुळे मध्ये कडी घालावी लागत नाही, काही कापावं लागत नाही. एवढ्या दूरच्या दोन काळांना एकमेकांत बसता यावं, म्हणून मधल्या सगळ्या माणसांनी एक माप निष्ठेने पाळलं आहे. क्षणभर त्या अनोळखी कारागिरांची आठवण ठेवा.

आता कॅमेरा खाली ठेवा. उजवा हात पुढे ताठ करून एक बोट उभं धरा. डावा डोळा मिटा आणि बोटामागे भिंतीवर काय आहे ते बघा. मग डावा उघडून उजवा मिटा. बोट जागेवरून सरकल्यासारखं दिसेल. पुन्हा करा. आता बोट नाकाजवळ आणून तेच करा. ते आणखी जास्त सरकेल. आपल्या दोन डोळ्यांमध्ये साधारण ६३ मिलीमीटर अंतर असतं. तेवढ्या जागेतून दोन वेगळी दृश्यं आत येतात आणि त्यांच्यातल्या फरकावरून समोरचं जवळ आहे की लांब, हे मनाला कळतं. एका डोळ्याला वस्तू कुठल्या दिशेला आहे हे सांगता येतं, ती किती लांब आहे हे मात्र नुसत्या त्या एका नजरेतून ठरत नाही. अंतर कळायला दुसरी जागा लागते. हे वाक्य पाठ होईपर्यंत बोट पाहत राहा.

कॅमेरा उचला आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावा. मधोमध एक लहानसा उजळ चौकोन आहे. त्यात समोरची वस्तू दुहेरी दिसते. एक प्रतिमा तुमच्या डोळ्यासमोरच्या खिडकीतून येते, दुसरी बाजूच्या छोट्या खिडकीतून, आरशाने वळून. दोन्ही खिडक्यांमध्ये सुमारे ६९ मिलीमीटर अंतर आहे, जवळजवळ आपल्या डोळ्यांइतकंच. लेन्सची कडी फिरवली की आतला रूळ हलतो, त्याने दुसरी प्रतिमा सरकते. सरकत सरकत ती पहिलीवर बसली, की फोकस झाला. सुरुवातीला खिडकीच्या चौकटीवर हे करून बघा, कारण उभी रेघ लवकर जुळते. कडी थोडी पुढे जाऊ द्या, मागे आणा, पुन्हा जुळवा. बोटांना ती जागा ओळखीची होऊ द्या.

अंतर मोजणारं हे साधन फोटोसाठी जन्मलेलं नाही, हेही इथे लक्षात घ्या. १८८८ मध्ये ब्रिटिश युद्धखात्याने पायदळासाठी अंतरमापक हवा अशी जाहिरात दिली. ती वाचून आर्किबाल्ड बार आणि विल्यम स्ट्राउड हे लीड्सचे दोन प्राध्यापक कामाला लागले, आणि पुढे त्यांच्या यंत्रांनी ब्रिटिश आरमार आपल्या तोफांसाठी अंतर मोजू लागलं. शत्रू जितका लांब, तितक्या दोन खिडक्या एकमेकींपासून दूर न्याव्या लागत. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘यामातो’ या जपानी युद्धनौकेवरचा अंतरमापक १५ मीटर लांबीचा होता.

याची मुळं मात्र याहून जुनी आहेत, आणि त्यांतलं एक म्हैसूरच्या मातीत आहे. इथून १५ किलोमीटरवर श्रीरंगपट्टण. १७९९ च्या एप्रिलमध्ये टिपू सुलतानाविरुद्धच्या शेवटच्या लढाईत इंग्रजांची एक तुकडी रात्री अंधारात चाल करत होती. तुकडीत विल्यम लॅम्टन नावाचा अधिकारी होता. त्याने ताऱ्यांकडे पाहिलं आणि आपण उलटे शत्रूच्याच दिशेने निघालो आहोत हे सेनापतीला सांगितलं. लढाई संपली, टिपू पडला, म्हैसूरचं राज्य बदललं. लगेच पुढच्या वर्षी त्याच लॅम्टनने या प्रदेशाची मोजणी हाती घेतली. बंगळूरजवळ शंभर फुटी पोलादी साखळीने जमिनीवर एक सरळ रेघ मोजली. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या खुणेचे कोन घेतले आणि खुणेपर्यंत न जाताच तिचं अंतर काढलं. त्रिकोणाला त्रिकोण जोडत हे काम पुढे हिमालयापर्यंत पोचलं. लॅम्टन स्वतः तिथवर पोचला नाही. काम करता करताच १८२३ च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तिथेच आहे. कॅमेऱ्यातल्या त्या दोन खिडक्या आणि बंगळूरच्या माळावरची ती रेघ यांच्यामागचं गणित एकच आहे. पाया माहीत हवा आणि दोन्ही टोकांवरून बघायला हवं.

दोन्ही टोकांवरून बघता आलं नाही तर काय होतं, तेही याच परिसराने पाहिलं आहे. १७९१ च्या मे महिन्यात, टिपूविरुद्धच्या आधीच्या युद्धात, इंग्रजांचा सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी येऊन अडकला होता. दाणागोटा संपला, बैल मेले, सैन्य उपाशी. शेवटी त्याने आपल्या वेढ्याच्या अवजड तोफा स्वतःच नष्ट केल्या आणि तो माघारी वळला. निघतो न निघतो तोच समोरून घोडेस्वार आले. शत्रूच आला असं वाटून लोक सावध झाले. ते मराठे होते, इंग्रजांच्याच बाजूचे. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा अगदी हाकेच्या टप्प्यात येऊन ठेपल्या होत्या, बाजारबुणग्यांसह, धान्यासह. टिपूच्या स्वारांनी मधले जासूद अडवले होते, म्हणून मदत इतकी जवळ आहे हे कॉर्नवॉलिसला समजलंच नाही. त्याच्याकडे फक्त स्वतःच्या जागेवरची नजर होती. इथे थोडं थांबा. आपल्या आयुष्यात कोण असं जवळ येऊन उभं असेल, की ज्याचं अंतर आपण एकाच जागेवरून ठरवून टाकलं आहे? नाव सुचलं तर मनात ठेवा. उत्तर आत्ताच द्यायला नको.

पुन्हा कॅमेरा घ्या आणि गच्चीवर जा. म्हैसूरच्या चामुंडी टेकडीकडे रोखून कडी शेवटपर्यंत फिरवा. तिथे अनंताची खूण आहे. टेकडी जुळते. आता टेकडीच्या अलीकडचं एखादं लांबचं झाड बघा. तेही जुळलेलंच आहे. रात्री याच जागी चंद्र जुळेल. शेदोनशे मीटरच्या पलीकडचं सगळं या कॅमेऱ्याला सारखंच वाटतं, कारण ६९ मिलीमीटरच्या पायाला तिथला कोन पकडता येत नाही. मीटरभरावरच्या माणसाशी तो सुमारे चार अंशांचा कोन करतो. दहा मीटरवर हा कोन अर्ध्या अंशाहूनही कमी होतो. म्हणजे या साधनाला खरं ज्ञान आहे ते जवळचंच. मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. युद्धाने पाया १५ मीटरपर्यंत ताणला, कारण त्याला क्षितिजावरचं लक्ष्य हवं होतं. कॅमेऱ्याने तोच पाया हाताच्या पंज्याएवढा केला, आणि मोजमाप माणसाच्या बोलण्याच्या अंतरावर आलं.

म्हणून म्हैसूरच्या राजवाड्याकडे आज जाऊ नका. रविवारी संध्याकाळी त्याच्यावर सुमारे ९७ हजार दिवे लागतात आणि ते बघण्यासारखंच असतं, पण तो अनंताच्या खुणेवरचा देखावा आहे. देवराज मार्केटमध्ये जा. सकाळी लवकर जा. कुंकवाच्या रंगीत ढिगांपाशी गर्दी असेल, तिथून पुढे फुलांच्या गल्लीत वळा. म्हैसूर मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्यासारख्या इथल्या सुगंधी फुलांच्या माळांचे ढीग असतात. माळ इथे ‘मोळ’ या मापाने विकतात. मोळ म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात. फुलवाली माळेचं टोक बोटांत धरते, दोरा कोपराला लावते, पुन्हा बोटांकडे आणते आणि प्रत्येक फेरीला ओठांतल्या ओठांत मोजते. शेवटी अर्धी वीत सोडून दोरा तोडते, ती वरकड तिची मर्जी. हे माप तिच्याच अंगाचं आहे. माळ मोजताना ती स्वतः त्या मापात असते.

तिच्यासमोर उभे राहा. कॅमेरा छातीवरच राहू द्या. आधी माळ घ्या, पैसे द्या. मग कन्नडमध्ये विचारा, ‘अम्मा, फोटो तेगीला?’, म्हणजे फोटो काढू का? ती नाही म्हणाली तर हसून पुढे जा, मनन तिथेच पुरं झालं. हो म्हणाली तर मीटरभर अंतरावर या. म्हैसूरचे थोर छायापत्रकार टी. एस. सत्यन (१९२३–२००९) आयुष्यभर साध्या माणसांचे आणि मुलांचे फोटो काढत राहिले. १९७९ या आंतरराष्ट्रीय बालक वर्षात मुलांच्या त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन युनिसेफने न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात भरवलं. त्यांची चित्रं बघताना एक जाणवतं. समोरच्या माणसाला फोटो काढणारा नीट दिसत होता. तेवढं जवळ जाण्याचं धैर्य आणि तेवढं दिसू देण्याचा मोकळेपणा, दोन्ही आज करून बघायचं आहे.

डोळा लावा. ५० मिलीमीटरची उजळ चौकट दिसेल. चौकटीबाहेरचंही दिसतं हे या कॅमेऱ्याचं वैशिष्ट्य. शेजारची केळीवाली, येणारा हमाल, टोपल्यांमधून वाट काढणारी मुलगी. काय सोडून देतो आहोत हे समोर दिसत असताना निवड करायची. आता मधला चौकोन तिच्या डोळ्यावर आणा. दोन डोळे दिसतील, एकावर एक न बसलेले. कडी सावकाश फिरवा. एफ २ वर मीटरभर अंतरावरून फोकसची खोली जेमतेम साडेचार-पाच सेंटीमीटर असते. डोळा जुळला की कानातल्या कुड्या धूसर होतात. ती जराशी पुढे झुकली, माळेकडे वळली, की जुळलेलं सुटतं. त्रासून जाऊ नका. ती जिवंत आहे म्हणून सुटतं. पुन्हा जुळवा.

व्ह्यूफाइंडरमधून जे दिसतं ते लेन्समधून येत नाही, हेही ध्यानात असू द्या. या चार भिंगांना ती कशी दिसते, उजेड कुठे पसरतो, काठावर काय विरघळतं, हे तुम्हाला आत्ता दिसणार नाही. तुम्ही फक्त अंतर बरोबर ठेवायचं आणि बाकीचं काचेवर सोपवायचं. एसएलआर कॅमेऱ्यात बटण दाबताक्षणी आरसा उचलला जातो आणि क्षणभर अंधार होतो. इथे तसं होत नाही. शटर पडत असतानाही ती तुम्हाला दिसत राहते आणि तुम्ही तिला. श्वास अर्धा सोडा. दाबा.

एकच फोटो पुरे. मग कॅमेरा खाली घ्या आणि तो तिला दाखवा. ती बहुतेक आपल्या चेहऱ्याबद्दल काहीतरी म्हणेल, किंवा शेजारणीला हाक मारेल. जे म्हणेल ते ऐका. तुमच्या जागेवरून घेतलेलं चित्र आता तिच्या जागेवरून बघितलं जातंय. दुसरी खिडकी ती आहे. मघाचा प्रश्न आठवत असेल, या लेन्सने फुलवालीचा फोटो काढावा का? तिला विचारून, तिला दिसेल अशा जागी उभं राहून आणि काढलेलं तिला दाखवून काढला, तर काढावा असं मला वाटतं. यातलं एकही काम लेन्स करू शकत नाही.

घरी आल्यावर ब्लोअरने काचेवरची धूळ उडवा, मऊ कापडाने कडा पुसा, झाकण लावा. मी ही लेन्स परत करताना त्या स्नेह्यांना एवढंच म्हणणार आहे, ती कपाटात ठेवू नका, वस्तीतल्या एखाद्या शिकणाऱ्या मुलामुलीच्या हातात द्या. दुर्मिळ आहे म्हणून तिला बाजारात किंमत आहे. तिच्यातून माणसं बघितली जातील तेव्हाच तिचा उपयोग आहे.

तुमच्याकडे अशी लेन्स नसेल, तरी मनन थांबत नाही. मघाशी मनात ठेवलेलं ते नाव पुन्हा घ्या. त्या माणसाबद्दल तुम्हाला जे वाटतं ते एका खिडकीतून दिसणारं चित्र आहे, आणि ते खोटं नाही. पण तेवढ्यावरून तो माणूस किती लांब गेला, हे ठरत नाही. दुसरी जागा त्याच्याकडे आहे. आज संध्याकाळी त्याला फोन करा, किंवा घरातलाच कुणी असेल तर शेजारी जाऊन बसा आणि विचारा, ‘तुला हे कसं दिसलं?’ मग मध्ये न बोलता ऐका. दोन चित्रं लगेच जुळणार नाहीत. कडी थोडी पुढे, थोडी मागे, असं बराच वेळ करावं लागेल. मुद्दा सोडून देण्याआधी निदान एकदा तरी तेवढा वेळ त्या माणसाला द्या.